भाडं ठरलं, पण लाइट-पाण्याचं काय?

मे महिना सरत आला की जव्हार आणि मोखाड्यात खोली शोधणारी माणसं दिसू लागतात. कुणाची जिल्हा परिषदेच्या शाळेवर बदली झालेली असते, कुणी कुटीर रुग्णालयात नर्स म्हणून रुजू होणार असतं, कुणाला प्रकल्प कार्यालयात नोकरी लागलेली असते. कॉलेजसाठी पाड्यांवरून आलेली मुलंही असतात. इथं रेल्वे नाही. घाटरस्त्यानं रोज ये-जा करणं सगळ्यांना झेपत नाही. त्यामुळे खोली घ्यावीच लागते.

दुसऱ्या बाजूला आपली घरं रिकामी होत चालली आहेत. मुलगा भिवंडीला किंवा नाशिकला कामाला, मुली आपापल्या सासरी, आणि मागच्या दोन खोल्यांना कुलूप. कुणी आखातातल्या कमाईतून वरचा मजला बांधलेला असतो. मग घरातल्या माणसांच्या मनात येतं, खोल्या भाड्यानं द्याव्यात. एखाद्या बेवा खालासाठी तर ते भाडं म्हणजे महिन्याचा किराणा असतो. आयुष्यात पहिल्यांदाच घरमालक होणाऱ्या अशा घरांसाठी हा लेख आहे.

खोली बघायला माणूस येतो. आपण चहा देतो. भाडं किती, अनामत किती, एवढं बोलणं होतं. मग जाता जाता तो विचारतो, “आणि लाइट-पाणी?” आपण म्हणतो, “ते काय, जे येईल ते बघू.” पुढच्या भांडणाचं बी तिथंच पडतं. भाड्यावरून मालक-भाडेकरूंचं फारसं बिघडत नाही, कारण तो आकडा पहिल्याच दिवशी ठरलेला असतो. बिघडतं ते दीडशे-दोनशे रुपयांच्या बिलावरून, पाण्याच्या मोटारीवरून, एका टँकरवरून. आपलं गाव लहान. ज्याच्याशी बिनसलं तो उद्या आपल्याच मुलाचा मास्तर असतो, नाहीतर दवाखान्यात आपल्याच अम्मीला इंजेक्शन देणारी सिस्टर असते.

आधी स्वतःचं बिल वाचा

भाडेकरूशी बोलण्याआधी आपल्या विजेचं देयक नीट वाचायला हवं. महावितरणच्या बिलात फक्त युनिट गुणिले दर एवढंच नसतं. त्यात स्थिर आकार असतो, वीज आकार असतो, वहन आकार असतो, वेळोवेळी इंधन समायोजन आकार लागतो आणि त्यावर वीज शुल्क असतं. घरगुती ग्राहकांना हे शुल्क १६ टक्के आहे. म्हणून “सहा रुपये युनिट आहे, साठ युनिट जाळले, तीनशे साठ द्या” असा हिशेब केला, तर बाकीचा भार आपल्याच अंगावर येतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्यानं चढतो. पहिल्या १०० युनिटांना कमी दर, १०१ ते ३०० ला जास्त, ३०१ ते ५०० ला आणखी जास्त, आणि ५०० च्या वर सगळ्यात जास्त. दोन कुटुंबं एकाच मीटरवर आली की दोघांची युनिटं एकत्र मोजली जातात आणि वरच्या टप्प्यात जातात.

मुलांना गणित शिकवतो तसं मांडून पाहू. सोयीसाठी धरू की सगळे आकार मिळून पहिल्या टप्प्यात युनिटला ६ रुपये पडतात आणि दुसऱ्यात १२ रुपये. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, खरे दर आपल्या बिलावर पाहावेत. आपल्या घरी महिन्याला १४० युनिटं लागतात, भाडेकरूला ६०. मीटर वेगळे असते तर भाडेकरूचं बिल ३६० रुपये आलं असतं आणि आपलं ६०० अधिक ४८०, म्हणजे १,०८० रुपये. दोन्ही मिळून १,४४०. आता एकाच मीटरवर २०० युनिटं झाली: पहिल्या शंभराचे ६००, पुढच्या शंभराचे १,२००, एकूण १,८०० रुपये. वीज तेवढीच जळली, बिल मात्र ३६० रुपयांनी वाढलं.

हे ३६० रुपये कोणाचे? मालक म्हणतो, तू आलास म्हणून बिल वाढलं, तूच भर. भाडेकरू म्हणतो, माझी साठच युनिटं आहेत, मी का भरू? दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. म्हणून हा प्रश्न बिल हातात आल्यावर नाही, किल्ली देण्याआधी सोडवायचा असतो.

तीन रस्ते

पहिला रस्ता वेगळ्या मीटरचा. भाड्याच्या खोल्यांना स्वतंत्र दार आणि स्वतंत्र स्वयंपाकघर असेल तर महावितरणच्या कार्यालयात दुसऱ्या जोडणीसाठी अर्ज करून पाहावा. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे जागेचा मालक किंवा तिथं राहणारा, दोघांपैकी कुणीही वीज मागू शकतो. सुरुवातीला खर्च येतो, दर महिन्याचा स्थिर आकारही दोनदा भरावा लागतो. पण वरच्या उदाहरणातली वाढ टळते आणि रोजची कटकट मिटते. वर्षानुवर्षं खोल्या भाड्यानं द्यायच्या असतील तर हाच रस्ता बरा.

दुसरा रस्ता सब-मीटरचा. मुख्य मीटर एकच, पण भाडेकरूच्या खोल्यांची वायर एका छोट्या मीटरमधून नेलेली असते. इथं दर ठरवण्याची साधी पद्धत अशी: बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिटं. वरच्या उदाहरणात १,८०० भागिले २००, म्हणजे ९ रुपये. भाडेकरूचे ५४० झाले, आपले १,२६०. वाढलेला भार दोघांवर १८०-१८० असा सारखा पडला. यात बिलाची प्रत भाडेकरूला दर महिन्याला दाखवायची. आपल्याला ९ रुपयांनी पडलेली वीज त्याला १२ नं द्यायची नाही. विजेचा धंदा करायला परवाना लागतो आणि तो आपल्याकडे नाही. शिवाय माप घेताना पुरेपूर आणि देताना कमी, याबद्दल आपल्याला काय शिकवलं गेलं आहे ते सूरह मुतफ्फिफीन वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. सब-मीटर हे तराजूसारखंच माप आहे.

तिसरा रस्ता सगळं धरून एकच रक्कम. एका खोलीत एकटी राहणारी सिस्टर किंवा विद्यार्थिनी असेल तर हे सोपं पडतं. पण त्यालाही मर्यादा बोलून घ्यावी: “यात महिन्याला ४० युनिटांपर्यंतची वीज धरलेली आहे, त्यापुढची वेगळी.” यासाठीही सब-मीटर हवाच, नाहीतर ४० कुठं संपले ते कळणार कसं?

कशाला किती वीज लागते

भाडेकरूला “किती जाळता?” असं विचारलं तर तो काय सांगणार? त्यापेक्षा घरात कोणती उपकरणं येणार आहेत ते विचारावं. १,००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट होतं. ७५ वॅटचा पंखा तेरा तासांहून थोडा जास्त चालला की एक युनिट. १,५०० वॅटचा पाणी तापवायचा रॉड मात्र चाळीस मिनिटांत एक युनिट खातो. २,००० वॅटची इंडक्शन शेगडी अर्ध्या तासात. जव्हारची थंडी कोकणपट्टीसारखी नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी गरम पाणी लागतंच. आपण चुलीवर किंवा बंबात तापवू, पण नोकरीवर वेळेत पोचायचं असलेली बाई रॉडच लावणार. चौघांच्या कुटुंबानं दोन बादल्यांसाठी रोज चाळीस मिनिटं रॉड लावला तर त्याचीच महिन्याला तीस युनिटं होतात. हे आधी माहीत असलं की जानेवारीचं बिल बघून कुणी चकित होत नाही.

बिलावर मागच्या महिन्यांचा वापरही छापलेला असतो. तो कागद समोर ठेवून सरळ सांगावं: “या खोल्यांत आधी आमचा मुलगा-सून राहत होते. सगळ्यात कमी बिल इतकं आलं, सगळ्यात जास्त इतकं.” फक्त सरासरी सांगून भागत नाही. येणाऱ्या माणसाला आपला पगार बसवायचा असतो, आणि पगार मोडतो तो सगळ्यात जड महिन्यात.

आणखी एक खबरदारी. घरगुती मीटरवर भाडेकरूनं शिलाईचं दुकान, झेरॉक्स किंवा क्लास थाटायचं ठरवलं तर आधी महावितरणकडे विचारून घ्यावं. ज्या कामासाठी जोडणी दिली त्याहून वेगळ्या कामाला वीज वापरली, तर कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होऊ शकते. मीटर आपल्या नावावर असेल तर नोटीस आपल्याच दारावर येते.

पाण्याचं बोलणं

आपल्या भागात विजेपेक्षा पाणी नाजूक. पावसाळ्यात इथं धो धो कोसळतं आणि उतारावरून निघून जातं. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात कोचाळे इथं आहे, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात. जव्हार शहराला जयसागरचं पाणी आहे, तरी एप्रिल-मेमध्ये प्रत्येक घर आपली टाकी राखूनच वापरतं. वसई-विरार किंवा ठाण्याहून बदली होऊन आलेल्या माणसाला हे माहीत नसतं. त्याला वाटतं नळ उघडला की पाणी येतं.

म्हणून पाण्याबद्दल पाच गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. नळाला पाणी कधी येतं आणि किती वेळ. टाकी किती लिटरची, आणि ती एकाची की दोघांत. मोटार कोणाच्या मीटरवर चालते. नळपट्टी कोण भरणार. आणि उन्हाळ्यात टँकर मागवावा लागला तर त्याचे पैसे कसे वाटायचे.

टाकीचा हिशेबही करून दाखवावा. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाणी धरलं आहे, शहरातल्या माणसामागे १३५ लिटर धरतात. हजार लिटरची टाकी चार माणसांना पहिल्या हिशेबानं साडेचार दिवस पुरते, दुसऱ्या हिशेबानं दोन दिवसही पुरत नाही. दोन्ही सवयींची माणसं एका टाकीवर आली की कुरबुर होणारच. टँकरचा खर्च माणशी वाटणं मला सगळ्यात न्यायाचं वाटतं. घरामागे निम्मा-निम्मा केला तर एकटी राहणारी शिक्षिका सहा जणांच्या कुटुंबाच्या आंघोळीचे पैसे भरते.

मोटारीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. एक हॉर्सपॉवरची मोटार तासाला पाऊण युनिट घेते. ती भाडेकरूच्या मीटरवर जोडलेली असेल आणि पाणी दोन्ही घरं वापरत असतील, तर तेवढे पैसे त्याच्या बिलातून वजा झाले पाहिजेत. जिन्यातला दिवा, शौचालयाची टाकी उपसण्याचा खर्च, घरपट्टी, यांचाही उल्लेख त्याच बैठकीत व्हावा. माझ्या मते घरपट्टी आणि टाकी उपसणं मालकाचं, जिन्यातला दिवा ज्याच्या दारात त्याचा. पण माझ्या मतापेक्षा तुमचं आपसात काय ठरलं ते महत्त्वाचं.

लिहून घ्यायला लाज कसली?

आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात, “जबान दिली की झालं, कागद कशाला? विश्वास नाही का?” कुरआनातली सगळ्यात लांब आयत सूरह बकरहमधली २८२ वी आहे, आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल, लिहिणाऱ्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे. लिहिणं हा अविश्वास असता तर त्याला एवढी जागा मिळाली नसती. फिकहमध्ये इजाऱ्याची, म्हणजे भाडेकराराची, मोठी अट हीच आहे की मोबदला दोघांनाही आधी माहीत असावा. “जे येईल ते बघू” या वाक्यात मोबदला माहीत नसतो.

देशाचा कायदाही तेच सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असावा आणि नोंदवलेला असावा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही असा एक समज सगळीकडे आहे. महाराष्ट्रात तो खरा नाही. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकानं सिद्ध करेपर्यंत. म्हणजे “लाइटबिल वेगळं ठरलं होतं” असं आपण म्हणालो आणि “भाड्यातच धरलं होतं” असं तो म्हणाला, तर आपली बाजू लंगडी पडते.

खर्च फार नाही. लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के. महिना ४,००० रुपये भाडं आणि १०,००० अनामत असेल तर अकरा महिन्यांसाठी ते शंभर-सव्वाशेच्या घरात जातं. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. हा खर्च दोघांत वाटून घेता येतो. सरकारी नोकरांना मुख्यालयी राहत असल्याचा पुरावा लागतो, आयकरासाठी भाड्याच्या पावत्या लागतात, त्यामुळे कागद त्यांनाही हवाच असतो. पावती द्यायला टाळाटाळ करू नये. भाड्याचं उत्पन्न दाखवायचं तर आयकरात भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यावर ३० टक्के सरसकट सूट मिळते.

करारात लाइट-पाण्याची कलमं साध्या मराठीत अशी घालता येतील:

१. किल्ली दिली त्या दिवशी सब-मीटरचं रीडिंग इतकं होतं. दोघांनी पाहिलं, मोबाइलमध्ये फोटो काढला.

२. विजेचा दर म्हणजे त्या महिन्याच्या बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिटं. बिल आल्यापासून सात दिवसांत भाडेकरू आपला वाटा देईल. बिलाची प्रत मालक दाखवेल.

३. नळपट्टी मालकाची. टँकर मागवल्यास खर्च राहणाऱ्या माणसांच्या संख्येप्रमाणे. टँकर मागवण्याआधी एकमेकांना सांगायचं.

४. मोटार अमुक मीटरवर आहे, तिचा खर्च निम्मा-निम्मा.

५. खोली सोडताना शेवटचं रीडिंग दोघांनी घ्यायचं. त्या महिन्याचं बिल येईपर्यंत अनामतीतून तेवढी रक्कम राखून ठेवायची, बाकीची परत करायची.

पाचवं कलम विसरू नये. बिल नेहमी वापराच्या मागून येतं. माणूस ३१ तारखेला सामान हलवतो आणि त्याचं बिल पुढच्या महिन्यात आपल्या हातात पडतं. मीटर आपल्या नावावर असल्यानं थकबाकीही आपलीच.

मेन स्विच आपल्या हातात असतो

आणि भाडेकरूनं पैसे दिलेच नाहीत तर? बहुतेक घरांत मेन स्विच मालकाच्या ओसरीत असतो. हात शिवशिवतो. फ्यूज काढला की दोन तासांत पैसे येतील असं वाटतं. ते करू नये. त्याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ सांगतं की योग्य कारणाशिवाय मालकानं भाडेकरूची वीज, पाणी, जिन्यातला दिवा, संडासाची सोय तोडायची नाही. तोडली तर कोर्ट ती पुन्हा सुरू करायला लावतं आणि शिक्षेचीही तरतूद आहे. खुद्द वीज कंपनीलाही थकबाकीसाठी जोडणी तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. मग आपण कोण? लेखी आठवण द्यावी, अनामतीतून वळते करावेत, करार पुढे वाढवू नये. त्या अंधाऱ्या खोलीत लहान मूल असतं, उद्याच्या परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी असते. त्यांनी बिल थकवलेलं नसतं.

मोठ्या शहरांत आपल्यापैकी पुष्कळांना भाड्यानं घर मिळताना काय होतं ते घराघरांत माहीत आहे. फोनवर खोली रिकामी असते आणि नाव सांगितलं की ती “कालच गेली” असते. ज्यांना मिळते त्यांना कधी कधी वाढीव दर मुकाट्यानं मान्य करावे लागतात, कारण दुसरी मिळेल याची खात्री नसते. जव्हार-मोखाड्यात बदलून आलेल्या माणसाचीही तीच अवस्था असते. खोल्या थोड्या, शाळा सोमवारी सुरू होणार, सामान टेम्पोत. तो वारली असेल, कोकणा असेल, विदर्भातून आलेला बौद्ध शिक्षक असेल, नाहीतर आपल्याच जमातीतला असेल. त्या घडीला आपण जो दर सांगू तो तो कबूल करेल. म्हणूनच त्या घडीला बिल समोर ठेवून बोलायचं. तो काय खातो, कोणाला मानतो हे विचारायची गरज नाही. किती माणसं राहणार, रॉड आहे का, इंडक्शन आहे का, पाहुणे वरचेवर येतात का, एवढं विचारलं की मालकाचं काम होतं.

बोलताना संकोच वाटत असेल तर अशी सुरुवात करून पाहा: “सर, भाडं चार हजार आहे. पण तुमच्या खिशातून महिन्याला किती जाणार ते आधी सांगते, म्हणजे तुम्हाला ठरवायला बरं.” आणि मग बिल पुढे करा. हे ऐकून एखादा माणूस खोली नको म्हणून उठून जाईल. जाऊ द्या. तीन महिन्यांनी भांडून जाण्यापेक्षा चहा पिऊन गेलेला बरा. जो राहील तो हिशेब समजून राहील, आणि त्याच्या भाड्यातून येणारा किराणा खालाला कुणाशी नजर न चुकवता आणता येईल.

या सुट्टीत खोली भाड्यानं देण्याच्या विचारात असाल तर आजच मागच्या बारा महिन्यांची बिलं काढून एका पिशवीत घालून ठेवा. बोलणी करताना तीच उपयोगी पडतील.